फोर्ट जॉर्ज बेटावरील टॅबीची घरे : आरेखन आणि चुना-चाचणीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२३

प्रकल्पाची व्याप्ती आज लेखी ठरवली. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहराच्या हद्दीत, सेंट जॉन्स नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी फोर्ट जॉर्ज नावाचे बेट आहे. त्यावरील किंग्जली मळ्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलामांसाठी बांधलेली ३२ घरे होती आणि त्यांपैकी २५ घरांच्या भिंती आजही कमीअधिक उंचीच्या उभ्या आहेत. त्यांचे बांधकाम समजावून देणारा मराठी आरेखन-संच महाराष्ट्रातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी तयार करायचा आहे. त्यात मोजमापांसह तक्ते, बांधकामपद्धतीचे टिपण आणि त्याच पद्धतीने ओतलेला एक नमुना ठोकळा असेल.

हाच मळा का निवडला, याचे कारण प्रस्तावनेच्या पहिल्याच परिच्छेदात द्यावे असे ठरले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांची बहुसंख्य घरे ओंडक्यांची किंवा फळ्यांची होती. ती वाळवीने, आगीने आणि मुख्यतः दुर्लक्षाने नष्ट झाली. उरली ती विटांची, दगडांची किंवा टॅबीची, म्हणजे शिंपले घातलेल्या चुन्याच्या काँक्रीटची घरे. त्यामुळे आज जे उभे दिसते त्यावरून साऱ्या गुलामांचे राहणे कसे होते याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, आणि पक्क्या भिंती पाहून ‘त्यांची घरे काही वाईट नव्हती’ असे म्हणणाऱ्याला हा मुद्दा आधीच वाचायला मिळाला पाहिजे.

दुसरा निर्णय थोड्या वादानंतर झाला. मालकाचा बंगला संचात जागेचा संदर्भ म्हणून येईल, त्याचे स्वतंत्र आरेखन होणार नाही.

१९ ऑक्टोबर

कालपट तयार केला. नदीकाठचा मुख्य बंगला १७९८ च्या सुमारास जॉन मॅक्वीन याने बांधवला. झेफनाया किंग्जली १८०३ मध्ये स्पॅनिश फ्लोरिडात आला. त्याचा आधीचा लॉरेल ग्रोव्ह मळा १८१२-१३ च्या धामधुमीत उद्ध्वस्त झाला आणि १८१४ मध्ये तो या बेटावर राहायला आला. येथे सी आयलंड जातीचा लांब धाग्याचा कापूस, ऊस, मका आणि लिंबूवर्गीय फळे पिकत. बेटावर एका वेळी साठांहून अधिक गुलाम असत. सगळे मळे मिळून किंग्जलीकडे पुढे ३२,००० एकरांहून अधिक जमीन आणि दोनशेहून अधिक गुलाम होते.

गुलामांची आयात हा कालपटातील कळीचा भाग आहे. अमेरिकेने १ जानेवारी १८०८ पासून समुद्रमार्गे गुलाम आणण्यावर बंदी घातली, पण फ्लोरिडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात असल्याने तेथे हा व्यापार आणखी काही वर्षे कायदेशीर राहिला. किंग्जली स्वतः मळेवाला होता, तसाच गुलामांचा व्यापारीही होता. म्हणून या घरांत राहणाऱ्यांपैकी बरेच जण दोन-तीन पिढ्या अमेरिकेत काढलेले नव्हते. ते आफ्रिकेत जन्मून, समुद्र ओलांडून नुकतेच येथे आणले गेले होते. पुढे उत्खननाच्या नोंदी वाचताना ही गोष्ट सतत हाताशी ठेवावी लागणार आहे.

१८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेकडे गेला, १८३७ मध्ये किंग्जली कुटुंबाने हैतीकडे बस्तान हलवण्यास सुरुवात केली आणि १८३९ मध्ये मळा त्याचा भाचा किंग्जली बीटी गिब्ज याच्याकडे आला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेली काही कुटुंबे याच घरांत राहत होती. मळा १९५५ मध्ये फ्लोरिडा राज्याकडे आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला. आज तो टिमुकुअन संरक्षित क्षेत्राचा भाग आहे. एवढा कालपट एका तक्त्यात मावतो. यापेक्षा जास्त मालकाचे चरित्र नको.

२८ ऑक्टोबर

जागेवर गेलो. पामच्या झाडांच्या रस्त्याने बंगल्याकडे जाताना घरांची अर्धवर्तुळाकार रांग, म्हणजे कमान, आडवी येते आणि रस्ता तिच्या मधोमध जातो. कमानीचे एक पाते डावीकडे, दुसरे उजवीकडे. बंगल्याचा दर्शनी भाग नदीकडे आहे आणि ही घरे त्याच्या पाठीमागे सुमारे १,००० फुटांवर, म्हणजे तीनशे मीटरच्या आसपास आहेत.

उद्यानाचे नियम साधे आणि कडक आहेत. भिंतीवर चढायचे नाही, टेकायचे नाही, शिंपल्याचा कपचाही उचलायचा नाही. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांत बंदीच आहे, त्यामुळे वरून छायाचित्रे घेण्याचा विचार सोडून दिला. मोजमापे पायवाटेवरून लेझर मोजयंत्राने आणि एकमेकांवर चढणाऱ्या छायाचित्रांच्या मालिकेने घेतली. त्यांच्या जोडीला ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ या १९३३ पासूनच्या सरकारी उपक्रमाची सार्वजनिक संग्रहातील सामग्री वापरायची आहे. त्यांतील जुन्या छायाचित्रांत काही भिंती आजच्यापेक्षा चांगल्या अवस्थेत दिसतात, हा त्यांचा मुख्य उपयोग.

बहुतेक घरांचा आराखडा एकच आहे. एका खोलीत चूल आणि धुराडे, तिच्या शेजारी झोपण्याची लहान खोली. एक घर छपरासह पूर्ववत करून दाखवले आहे. तेथे आत उभे राहिले की खोलीचा आकार कळतो. छप्पर नसलेल्या घरात तो कळत नाही, कारण वर आभाळ असले की आठ पावलांची जागाही प्रशस्त वाटते. विद्यार्थ्यांसाठीच्या छेदचित्रात छप्पर दाखवलेच पाहिजे, अशी टीप तिथेच लिहिली.

एका भिंतीपाशी बराच वेळ काढला. वरचा गिलावा पडून गेल्याने आतला माल उघडा आहे आणि त्यात कालवांचे शिंपले अख्खेच्या अख्खे दिसतात. काही पालथे, काही उताणे, काही उभे रुतलेले. आडव्या रेषा भिंतीभर समांतर जातात. फळ्यांच्या साच्यात एक थर ओतून, तो धरल्यावर साचा वर उचलून पुढचा थर ओतल्याची ही खूण आहे. साच्याच्या दोन बाजू जोडून धरणाऱ्या आडव्या खुंट्यांची भोकेही ठराविक अंतरावर आहेत. एका थराच्या कडेला माल नीट चोपला न गेल्याने पोकळ्या राहिल्या आहेत, तर त्याच्या खालच्याच थरात एकही पोकळी नाही. चोपणारे हात बदलले असतील, किंवा दिवस मावळत आला असेल. आरेखनात या पोकळ्या सरळ करून टाकू नयेत, हे सहकाऱ्यांना स्पष्ट सांगितले आहे. संगणकावर भिंत गुळगुळीत करण्याचा मोह फार असतो.

५ नोव्हेंबर

कमानीच्या रचनेवर आजची बैठक झाली. मळ्यांवर गुलामांची घरे सहसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ रांगेत असत. अर्धवर्तुळाकार मांडणी अगदी विरळा. ती का केली, याचे दोन अर्थ अभ्यासकांत चालत आले आहेत. एक असा की सर्व घरांवर नजर ठेवणे सोपे जावे. दुसरा असा की पश्चिम आफ्रिकेतील वस्त्यांच्या मांडणीची ती आठवण असावी आणि त्यात किंग्जलीची सेनेगलमधून आणलेली पत्नी अॅना हिचा वाटा असावा.

मला पहिल्या अर्थात तथ्य वाटते, पण तो नेहमी सांगितला जातो तसा नव्हे. बंगल्याच्या छतावर टेहळणीसाठी सज्जा आहे हे खरे. मात्र तीनशे मीटरवरून माणसांची हालचाल दिसते, कोण आहे ते ओळखू येत नाही. उलट कमानीतील काही घरे इतरांपेक्षा मोठी आहेत आणि ती मुकादमांची मानली जातात. हे मुकादमही गुलामच होते. रोजची नजर बंगल्यातून नव्हे, शेजारच्या दारातून असणार. तक्ता क्रमांक ३ मध्ये बंगल्यातून निघणारी एकच दृष्टिरेषा न दाखवता मोठ्या घरांच्या दारांतून निघणाऱ्या रेषाही दाखवायच्या, असे ठरले.

आफ्रिकी मांडणीचा अर्थ टिपणात ‘एक मत’ म्हणून येईल. तो आकर्षक आहे आणि म्हणूनच त्याला जास्त जागा देण्याची भीती वाटते. कोणत्याही कारणाने आखलेली असो, अर्धवर्तुळ जमिनीवर उतरवण्यासाठी दोरी, खुंटी आणि आधीच केलेला विचार लागतो, एवढे निश्चित म्हणता येते.

१४ नोव्हेंबर

टॅबीचे गणित. जॉर्जियातील सापेलो बेटाचा मळेवाला थॉमस स्पॉल्डिंग याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत पुन्हा प्रचारात आणली. त्याने दिलेले प्रमाण प्रसिद्ध आहे : दहा बुशेल चुना, दहा बुशेल वाळू, दहा बुशेल शिंपले आणि दहा बुशेल पाणी, यांतून १६ घनफूट भिंत होते. किंग्जली मळ्यावर नेमके हेच प्रमाण होते असे आमचे म्हणणे नाही, पण अंदाजासाठी ते पुरते.

एक बुशेल म्हणजे साधारण ३५ लिटर. दहा फूट लांब, आठ फूट उंच आणि एक फूट जाड अशी भिंत हिशेबाला धरली तर ती ८० घनफूट होते. तिला चुना, वाळू, शिंपले आणि पाणी प्रत्येकी ५० बुशेल लागेल. ५० बुशेल पाणी म्हणजे सुमारे १,७६० लिटर. सोळा लिटरची घागर धरली तर एकशेदहा घागरी. आणि हे पाणी गोडे हवे. बेटाच्या चहूबाजूंनी खारे पाणी असताना ते भिंतीला चालत नाही, कारण मीठ आत राहिले की भिंत कायम ओल धरते आणि सुकताना मिठाचे कण फुगून माल आतून फोडतात.

आता चुना. विरवलेल्या चुन्याची भुकटी लिटरला अर्धा किलो धरली तर १,७६० लिटरचे वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर होते, आणि तेवढ्यासाठी सुमारे १,२०० किलो शिंपले भाजावे लागतात. शिंपला हा जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. तो ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला की कर्बवायू निघून जातो आणि १०० किलोतून ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यासाठी लाकडांचा एक थर, शिंपल्यांचा एक थर अशी रास रचून पेटवत. म्हणजे आधी लाकूड तोडा, ओढून आणा, रास रचा, रात्रंदिवस जाळा, राख आणि चुना गोळा करा, पाणी घालून विरवा, आणि हे झाल्यावर भिंतीचे काम सुरू होते. कळीचा चुना विरवताना उकळतो, अंगावर उडतो, ओल्या कातडीला भाजतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. या कामाला अंगभर कपडे आणि पायात जाड जोडे हवेत. गुलामांना वर्षाला मिळणाऱ्या मोजक्या कापडात त्यांची सोय होत नसे.

वरचा हिशेब घराचा नाही, एका भिंतीचा आहे. घराला अशा चार भिंती, आतली आडभिंत, धुराडे. आणि घरे बत्तीस. शिवाय कापसाचे काम थांबलेले नव्हते. तक्ता क्रमांक ४ मध्ये घराच्या चित्राशेजारी हा हिशेब त्याच मापनात, म्हणजे पाण्याच्या घागरींचे, शिंपल्यांच्या राशीचे आणि लाकडाच्या ढिगाचे आकारमान काढून दाखवायचा आहे. माझ्या मते साऱ्या संचात हा तक्ता सर्वांत महत्त्वाचा ठरेल. जुन्या बांधकामाच्या पुस्तकांत साहित्याचे प्रमाण दिलेले असते, मजुरांचे नसते.

शिंपले आले कोठून, हेही येथेच लिहायचे. फोर्ट जॉर्ज बेटावर येथील मूळ रहिवासी टिमुकुआ लोकांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके कालवे खाऊन टाकलेल्या शिंपल्यांची टेकाडे होती. मळेवाल्यांना ती आयती खाण सापडली. शेकडो पावसाळ्यांनी त्यांतील मीठ धुऊन नेले होते, हा त्यांचा बांधकामाच्या दृष्टीने मोठा गुण.

१८ नोव्हेंबर

नमुना ठोकळ्यासाठी मालवणकडील एका वयस्क गवंडीकाकांना फोन केला. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांच्या चुन्याचे काम पूर्वी सर्रास होते आणि त्यांनी तरुणपणी ते केले आहे. टॅबीचे छायाचित्र त्यांना आधीच पाठवले होते. चुन्याला शिंपला ते ओळखतात. अख्खा शिंपला खडीसारखा भिंतीत घातलेला मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

“ताई, हे शिंपले धुतलेत ना? निदान दोन पावसाळे बाहेर पडून राहिलेले असले पाहिजेत. खारट शिंपल्याच्या भिंतीला जन्मभर घाम येतो.”

टेकाडातले जुने शिंपले वापरत असल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग त्या लोकांना काम कळत होतं.” नंतर त्यांनी गूळ, हिरड्याचे पाणी असे काही घालत होते का, ते विचारले. टॅबीत तसे काही घालत नसत हे ऐकून त्यांनी चोपण्यावर भर द्यायला सांगितले. थर एक हातापेक्षा उंच घेऊ नये आणि धुम्मस उचलून आपटू नये, हलक्या हाताने पण थांबल्याशिवाय चालवावी, नाहीतर शिंपले फुटून कपच्या होतात आणि पाणी वर येऊन थराच्या डोक्यावर साय धरते. हे सगळे कृतिपत्रिकेत त्यांच्या शब्दांत घालायचे आहे.

९ डिसेंबर

ठोकळा ओतला. एका ओळखीच्या कुंभारकाम करणाऱ्या कलाकाराच्या विजेच्या भट्टीत थोडे शिंपले भाजून घेतले. भाजलेला शिंपला हातात घेतला तर आकार जसाच्या तसा, पण वजन निम्म्यावर आलेले आणि बोटाने दाबताच चुरा. पाणी शिंपडल्यावर क्षणभर काही झाले नाही. मग तडतड सुरू झाली, वाफ आली आणि शिंपले फुलून पांढऱ्या भुकटीत मोडले. पुरेसा चुना त्यातून निघणार नव्हता म्हणून उरलेला बाजारातील विरवलेला चुना घेतला. चष्मा, रबरी हातमोजे, मुखपट्टी असा सगळा सरंजाम होता, तरी मनगटावर चुन्याचा चट्टा उठलाच.

साचा दोन फुटी केला. पहिला थर ओतून आज थांबलो. पुढचा थर तो धरल्यानंतर.

१७ डिसेंबर

उत्खननाचे टिपण. फ्लोरिडा विद्यापीठाचे चार्ल्स फेअरबँक्स यांनी १९६८ मध्ये येथील घरांत खोदकाम केले. अमेरिकेत गुलामांच्या वस्तीचे तिच्या रहिवाशांसाठी म्हणून केलेले हे अगदी सुरुवातीचे शास्त्रीय उत्खनन मानले जाते. त्याआधी मळ्यांवर खोदकाम व्हायचे ते बंगल्याचा पाया शोधण्यासाठी. आफ्रिकेशी नाते सांगणाऱ्या वस्तू मिळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. तशा वस्तू जवळजवळ मिळाल्या नाहीत. मिळाले ते माशांची आणि प्राण्यांची हाडे, भांड्यांचे तुकडे, रोजच्या वापरातील बारीकसारीक चिजा. त्यांवरून एक गोष्ट ठळक झाली की मालकाकडून मिळणाऱ्या शिध्यावर ही माणसे अवलंबून राहिली नव्हती, खाडीतून आणि रानातून स्वतःचे अन्न मिळवत होती.

२००६ पासून त्याच विद्यापीठाचे जेम्स डेव्हिडसन यांनी पुन्हा खोदकाम केले आणि तेव्हा चित्र पालटले. एका घरात जमिनीखाली अख्खी कोंबडी जाणीवपूर्वक पुरलेली सापडली. ती खाऊन टाकलेली हाडे नव्हती; सांगाडा जागच्या जागी होता. घराच्या रक्षणासाठी केलेला विधी, असा तिचा अर्थ लावला जातो आणि पश्चिम आफ्रिकेतील प्रथांशी तो जुळतो.

आमच्या संपादकांनी येथे कोकणातील राखणदाराला द्यायच्या कोंबड्याचा उल्लेख सुचवला होता. तो घेतला नाही. मराठी वाचकाला तो आपोआप आठवेल. आम्ही तो छापला तर दोन वेगळ्या प्रथांमध्ये नाते असल्याचा समज पसरेल आणि त्याला आधार नाही. तक्त्यावर घराच्या आराखड्यात केवळ ‘पुरलेली कोंबडी’ एवढी नोंद येईल, अर्थ टिपणात.

८ जानेवारी २०२४

या किनारपट्टीवर कामाची वाटणी ‘टास्क’ने, म्हणजे उक्त्या कामाने होत असे. कापसाच्या शेतात एका माणसाचे एक काम म्हणजे साधारण पाव एकर जमीन, १०५ फूट लांब आणि तितकीच रुंद. आपल्या मापात दहा गुंठे. ती खुरपून किंवा नांगी भरून झाली की उरलेला दिवस त्याचा स्वतःचा. याच वेळात भाजीचा तुकडा, मासेमारी, घराची डागडुजी व्हायची. गिब्जच्या १८४० ते १८४३ च्या रोजनिशीतून कामांचा क्रम कळतो. गुलामांना त्यांचे पीक पेरायला वसंतात एक दिवस आणि कापायला शरदात एक दिवस देण्याची रीत असल्याचीही नोंद त्यात आहे.

उक्त्या कामाची पद्धत सौम्य होती, असे मळेवाले सांगत. दहा गुंठे उन्हात खुरपल्यावर उरलेल्या वेळात स्वतःचे अन्न पिकवणे म्हणजे मालकाचा शिधा वाचवणे, हे त्या सौम्यपणाचे दुसरे अंग. टिपणात दोन्ही बाजू एकाच वाक्यात याव्यात. तक्ता क्रमांक ५ मध्ये एका घराचा आराखडा आणि दहा गुंठ्यांचा चौकोन एकाच मापनात शेजारी-शेजारी ठेवले, आणि घर त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात सहज हरवते.

२२ जानेवारी

अॅनाविषयीचा मजकूर तिसऱ्यांदा संपादकांकडून परत आला, म्हणून धोरण लिहून ठेवतो आहोत. अॅना माजिगीन जाय ही सेनेगलची. किंग्जलीने तिला १८०६ मध्ये हवाना येथे विकत घेतले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १८११ मध्ये त्याने तिला मुक्त केले. पुढे तिने स्वतःच्या नावावर जमीन मिळवली आणि स्वतःही गुलाम बाळगले. फ्लोरिडा अमेरिकेकडे गेल्यावर मुक्त कृष्णवर्णीयांवर आणि मिश्र विवाहांवर निर्बंध वाढत गेले, त्यामुळे कुटुंब हैतीला गेले.

तिची कथा नाट्यमय असल्याने ती मजकुराचा ताबा घेते. पहिल्या मसुद्यात ती नायिका होती, दुसऱ्यात खलनायिका. हा संच बत्तीस घरांविषयी आहे आणि त्यांतील एकाही घरात ती राहत नव्हती. तिच्या नावाने ओळखले जाणारे स्वयंपाकघराचे घर बंगल्याच्या शेजारी आहे. म्हणून तिच्यावर एक परिच्छेद, त्यात वरील तथ्ये सलग, विशेषणांशिवाय. गुलाम म्हणून विकली गेलेली व्यक्ती पुढे मालकीण झाली, हे वाचकाला अवघड वाटले तर ते वाटू द्यावे.

३ फेब्रुवारी

ठोकळ्याचा साचा काढला. दोन थरांमधली रेषा फोर्ट जॉर्जच्या भिंतीवर दिसते तशीच उमटली आहे. खालच्या थराची कड चांगली धरली, वरच्या थराच्या एका कोपऱ्यात पोकळी राहिली. पृष्ठभाग कडक झाला असला तरी नखाने खरवडल्यास आतला माल अजून मऊ लागतो. चुना हवेतील कर्बवायू परत शोषून पुन्हा दगड होतो आणि हे काम बाहेरून आत, अतिशय सावकाश चालते.

याच संदर्भात जतनाचे टिपण पूर्ण केले. विसाव्या शतकात टॅबीच्या अनेक वास्तूंची डागडुजी पोर्टलंड सिमेंटने झाली आणि ती घातक ठरली. सिमेंट कडक आणि पाण्याला अडवणारे, टॅबी मऊ आणि श्वास घेणारी. भिंतीतली ओल सिमेंटच्या ठिगळामागे अडते आणि ठिगळ तसेच राहून भोवतीची जुनी भिंत झडते. डागडुजीचा माल मूळ मालापेक्षा नेहमी थोडा कमजोर असावा, हा नियम चुन्याच्या कामात सर्वत्र लागू आहे. आपल्याकडील किल्ल्यांच्या तटांचे सांधे सिमेंटने भरताना तो पाळला गेला असता तर बरे झाले असते. शिवाय फटींतून उगवणारी झाडे, भिंतींवर चढणारे पर्यटक आणि वादळी पाऊस हे नेहमीचे शत्रू आहेतच.

२० फेब्रुवारी

प्रस्तावना. महात्मा फुले यांनी १८७३ मधील आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, निग्रो लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. संपादकांना सुरुवात तेथून हवी होती. मराठी वाचकाचा या विषयाशी असलेला तो सर्वांत जुना आणि खरा धागा आहे यात शंका नाही, परंतु त्यावर दोन पाने लिहिली तर विद्यार्थी घरांपर्यंत पोहोचण्याआधीच थकेल. शेवटी तो उल्लेख एका वाक्यात, कालपटाच्या तक्त्यावर १८६५ च्या मुक्तीनंतरच्या ओळीत घेतला. तेथे तो योग्य जागी बसतो.

६ मार्च

तक्ते छपाईला गेले. अंतिम क्रम असा : कालपट, एका घराचा आराखडा व छपरासह छेद, कमानीचा स्थळनकाशा, एका भिंतीच्या साहित्याचा व श्रमाचा हिशेब, घर आणि दहा गुंठे, टॅबीच्या पृष्ठभागाचे पूर्ण मापातील रेखाटन, पोकळ्यांसह. स्थळनकाशात उत्तर वर घेतली की बंगला कागदाच्या डोक्यावर आणि घरे पायथ्याशी येत होती. नकाशा उलटा फिरवला आहे आणि उत्तरदर्शक बाण खाली तोंड करून छापला आहे. नकाशाशास्त्राच्या दृष्टीने कोणी हरकत घेतली तर बाण स्पष्ट आहे, एवढे उत्तर पुरेसे आहे.

नमुना ठोकळा भारतात पाठवणे खर्चिक आहे आणि वाटेत तो तडकण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी साच्याची मापे आणि कृतिपत्रिका पाठवली आहे. विद्यार्थ्यांनी कोकणातील कालवांचे शिंपले गोळा करून येत्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवावेत, पुढच्या पावसाळ्यानंतर गवंडीकाकांच्या देखरेखीखाली ओतकाम करावे आणि त्या दिवशी पाणी नळीने न घेता विहिरीवरून घागरीने मोजून आणावे, असे तिच्यात लिहिले आहे. काकांना तारीख अजून कळवायची आहे.